कुशीवर हो

आमच्या शिलाईच्या कारखान्यात कापडाला पहिला हात लागायचा तो मास्तरबाईंचा. कापड कापणारा तो मास्तर, आणि हा मास्तर बाई निघाली म्हणून मास्तरबाई. हे नाव कोणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही. आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. मशीनवरच्या बाया भिंतीकडे तोंड करून, इस्त्रीवाले मामा दाराशी, काज-बटण करणारी मी खिडकीखाली, आणि मधोमध ते लांबलचक कापायचं टेबल. मास्तरबाईंचा दिवस त्या टेबलाभोवती फिरण्यात जायचा. कापडाचं थान उलगडायचं, थरावर थर लावायचे, तळव्याने सुरकुती काठापर्यंत ढकलत न्यायची, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूने आखायचं आणि मग विजेची कात्री सुरू करायची. ती कात्री सगळे थर एकदम कापते. "हिला कापड आणि बोट सारखंच," असं मास्तरबाई नव्या मुलींना सांगायच्या. कात्री चालू असताना त्यांच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. मामासुद्धा तेवढा वेळ गप्प बसायचे, म्हणजे बघा.

त्यांचे यजमान बेकरीचा टेम्पो चालवायचे. पहाटेच निघायचे, आणि दुपारी पाव पोचवून झाले की टेम्पो आमच्या गल्लीत लावून आत झोपायचे. पाय खिडकीबाहेर, तोंडावर रुमाल. येता-जाता आम्ही हसायचो. मास्तरबाई तर जाम वैतागायच्या. "बघा, दिवसा कसे घोडे विकून पडलेत. आणि रात्री मला झोपू देत नाहीत." यावर बाया एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसायच्या आणि मास्तरबाई लाल व्हायच्या. "तसलं नाही गं बायांनो! जरा डोळा लागला की हलवतात. वैताग आहे नुसता."

गेल्या वर्षी ते गेले. पोटाचं दुखणं होतं, दवाखान्यात नेलं, बरेच दिवस राहिले, आणि एका सकाळी आवरलं सगळं. लेक लांब नोकरीला असते, ती येऊन काही आठवडे आईजवळ राहिली. रजा संपली तशी गेली. मास्तरबाई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, थान उलगडलं, आणि आम्हाला वाटलं, बाई सावरली.

पण त्या पेंगायला लागल्या.

आधी आम्ही कानाडोळा केला. डबा खाताना घास हातात राहायचा आणि मान खाली जायची. बसमध्ये बसल्या की आपला थांबा मागे टाकून शेवटच्या थांब्यावर कंडक्टर उठवेपर्यंत झोपलेल्या असायच्या. सकाळी यायच्या त्या डोकं दाबत. आम्ही विचारायचो, रात्री झोप लागत नाही का? त्या म्हणायच्या, "लागते की. एवढी झोप तर मी जन्मात घेतली नव्हती. आता उठवायला कोण आहे? पण उठते ती दमूनच उठते गं, रात्रभर ओझी वाहिल्यासारखी."

हे ऐकून आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. एवढ्या वर्षांचा जोडीदार गेला, माणूस आतून रिकामं होतं, असंच आम्ही धरून चाललो. मी रोज रात्री देवाजवळ हात जोडताना तिचं मन शांत कर म्हणून मागत होते. बोलताना मी त्यांना मास्तरबाई आणि तुम्ही म्हणते, पण देवाजवळ बोलताना 'ती'च म्हणते. तिथे सगळे सारखे.

मामांनी मात्र आपला स्वभाव सोडला नाही. "मास्तरबाई, कापड पांघरायला हवंय का? थान काढून देऊ?" त्या हसायच्या, "द्या. आणि इस्त्री फिरवून गरम करून द्या." पण ते हसू पूर्वीचं नव्हतं.

घराजवळच्या डॉक्टरांकडे त्या जाऊन आल्या. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही झालंय का? यांनी सांगितलं. डॉक्टर हळहळले, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि शांत झोप लागावी म्हणून रात्रीची एक गोळी दिली. ती गोळी घ्यायला लागल्यापासून मास्तरबाई सकाळी भिंतीचा आधार घेत कारखान्याचा जिना चढायला लागल्या.

शाळेच्या निळ्या कोटांचं काम आलं तेव्हा ते घडलं. त्या कापडाला एक बाजू सुलट, चकचकीत, आणि एक उलट. असं कापड कापताना थर सुलटावर सुलट, उलटावर उलट असे लावायचे असतात. मग एकाच साच्यातून कोटाचा डावा भाग आणि उजवा भाग जोडीनं निघतो. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. मास्तरबाईंनी सगळे थर सुलट बाजू वर करूनच लावले आणि कापले. पुढचे भाग मशीनवर गेले. एक बाई म्हणाली, "माझ्याकडे सगळे डावेच आलेत, उजवे कुणाकडे गेले?" दुसरी म्हणाली, "माझ्याकडेही डावेच." मग तिसरी. एकेक मशीन बंद होत गेलं. सगळ्या कारखान्यात उजवा भाग एकही नव्हता.

मास्तरबाई टेबलाजवळ उभ्या होत्या. एक तुकडा हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाचं काम बघतायत. मग हळूच म्हणाल्या, "मी थर लावलेले मला आठवतच नाहीत."

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. टेबलाजवळ स्टूल ओढून बसले. "बाई, कापड गेलं ते गेलं. पण तुम्ही झोपेत कात्री चालवलीत. उद्या हात गेला तर मी तुमच्या लेकीला काय तोंड दाखवू? काय होतंय ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. ते बरं झालं की कात्री तुमचीच. तोवर काज-बटण करा. आणि नाहीच बरं झालं, तर तसंच चालू ठेवू. म्हातारपणी सोपं काम वाईट नाही."

त्या शेवटच्या वाक्याने मास्तरबाईंचा चेहरा पडला. त्यांनी कात्रीची वायर काढली, नेहमीसारखी नीट गुंडाळली आणि माझ्या शेजारी खिडकीखाली येऊन बसल्या. टेबलावर बाहेरून एक तरुण मास्तर आला. तो चांगला होता, शिट्टी वाजवत कापायचा. त्याची कात्री सुरू झाली की मास्तरबाईंची मान तिकडे वळायची. एकदा म्हणाल्या, "घरी गेलं की भिंती. इथे आलं की ते टेबल होतं. टेबल असलं की मी कुणीतरी असते. आता दोन्हीकडे भिंतीच." एवढं बोलून त्या बटण लावायला लागल्या आणि सुई हातात धरूनच पेंगल्या. बोटातून रक्त आलं तेव्हा जाग आली. मी चिंधी बांधली.

मीच म्हटलं, चला, मोठ्या दवाखान्यात जाऊ, मी येते. एकट्या गेल्या असत्या तर बसमधून उतरल्या नसत्या.

तिथली डॉक्टर माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती. केस वर बांधलेले, बोलणं भरभर. तिने घसा पाहिला, मान मापली, वजन केलं, मग लिहायला बसली.

"काकू, झोपेत घोरता का?"

"मला कसं कळणार बाई? मी झोपलेली असते."

डॉक्टर हसली. "बरोबर आहे. घरातलं कुणी सांगतं का?"

"घरात मीच."

"शेजारच्या खोलीत कोणी?"

"शेजारी खोलीच नाही. एकीकडे जिना, एकीकडे भिंत."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी त्यांना दिवसाच पाहिलेलं. ती म्हणाली, "या दुखण्याची अडचण हीच आहे. ज्याला होतं त्याला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला कळतं. पूर्वी कुणी काही म्हणायचं का, घोरण्याबद्दल?"

"हे म्हणायचे. पण ह्यांचं काय ऐकायचं? भाजीपासून सगळ्यात खोड काढायचे." मास्तरबाई पदराशी चाळा करत होत्या. "म्हणायचे, तू घोरतेस तोवर मला छान झोप लागते. घोरायची थांबलीस की जाग येते. असं तिरकं बोलायची सवयच होती त्यांना."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"जाग आल्यावर काय करायचे?"

"काय करणार? त्रास द्यायचे. खांद्याला हात लावायचे आणि म्हणायचे, कुशीवर हो. उताणी झोपू नको, कुशीवर हो. मी म्हणायची, झोपू द्या ना हो! की मग जरा वेळानं पुन्हा तेच. एकदा मी इतकी चिडले, उठून स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं. तर हे उशी घेऊन तिथं दारात येऊन आडवे झाले. दारात! गार फरशीवर. मी म्हटलं, तुम्हाला वेड लागलंय."

"आणि तेव्हा दिवसा झोप यायची तुम्हाला?"

"मला? छे. दिवसा हे झोपायचे. टेम्पोत. पाय बाहेर काढून..."

मास्तरबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांचा हात पदरावर होता तिथेच राहिला. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. डॉक्टरने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. तरुण होती, पण शहाणी होती.

मग तिने सावकाश समजावलं. काही माणसांचा घसा झोपेत सैल पडून मिटतो. श्वास अडतो. अंगाला हवा कमी पडली की मेंदू दचकून माणसाला जरासं जागं करतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. माणसाला वाटतं आपण रात्रभर झोपलो. खरं तर तो रात्रभर बुडत आणि वर येत असतो. उताणं झोपलं की काहींना हे जास्त होतं. "तुमचे मिस्टर तुम्हाला लगेच कुशीवर करायचे, म्हणून ते आटोक्यात राहायचं. वयाने आणि वजनाने आता वाढलंही असेल. पण तपासल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही. आणि ती झोपेची गोळी मी सांगेपर्यंत अजिबात घ्यायची नाही. तिनं घसा आणखी सैल पडू शकतो."

बाहेरच्या बाकावर येऊन मास्तरबाईंनी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. मग लेकीचं बोलणं मलासुद्धा ऐकू आलं, एवढी ती जोरात रडत होती. "आई, बाबांनी मला सांगितलं होतं गं. दवाखान्यात. म्हणाले, आईजवळ झोपत जा, तिला कुशीवर करत जा. मला वाटलं औषधाच्या गुंगीत बोलतायत. तुला वेडंवाकडं वाटेल म्हणून मी बोललेच नाही."

"रडू नको," मास्तरबाई म्हणाल्या. "मी त्यांच्या शेजारी झोपत होते, मला कुठं कळलं?"

"तू इकडे ये राहायला."

"येऊन काय करू? तुझ्या घरात कापायला काय आहे, भाजी?"

फोन ठेवला आणि त्या बसून राहिल्या. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. वर्षभर मी मन शांत कर म्हणून मागत होते. श्वास मागायचं मला सुचलंच नव्हतं.

तपासणीसाठी दवाखान्यातून एक यंत्र घरी दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. "घोड्याला खोगीर चढवतात तसं चढवून झोपले," असं दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं आणि मामा खूप हसले. निकाल डॉक्टर म्हणाली तसाच आला. श्वास अडत होता, आणि जास्त करून उताणं असताना. डॉक्टरने सांगितलं की नाकावर मास्क लावून हवा सोडणारं एक मशीन असतं, कदाचित ते लागेल. पण आधी वजन उतरवा, रात्री उशिरा जेवू नका, आणि उताणं होताच येऊ नये अशी काहीतरी सोय करा. "काही जण पाठीला चेंडू बांधतात," ती म्हणाली. "काही आठवडे करून बघा, मग पुन्हा तपासू. आपल्या मनानं बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही."

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. जिन्याला लागून एक खोली, मागे स्वयंपाकघर. पलंग मोठा, दोघांचा. भिंतीकडच्या अर्ध्या भागावर चादर चुरगळलेली, आणि बाहेरचा अर्धा भाग सपाट, त्यावर उशीसुद्धा जागच्या जागी. अजून त्या आपल्याच अर्ध्यात झोपत होत्या. त्या जमिनीवर उजेडाकडे तोंड करून बसल्या होत्या, मांडीवर यजमानांचा शर्ट. फिक्या राखाडी रंगाचा, टेम्पोवर घालायचा.

"हाच घालून झोपते मी," त्या म्हणाल्या. "मऊ झालाय. हसू नको."

"हसत नाही हो."

छातीवरचा खिसा त्या उसवत होत्या. टाका टाका करून, कापडाला इजा न होता, नवा शर्ट असावा इतक्या काळजीने. खिसा निघाला तेव्हा त्याच्याखालचं कापड दिसलं. तेवढ्याच चौकोनाला शर्टाचा मूळ रंग राहिला होता, गडद, कोरा. मास्तरबाईंनी त्यावरून तळवा फिरवला, टेबलावर सुरकुती काढायच्या तसाच. मग शर्ट उलटा पसरला, पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध खडूने खूण केली आणि खिसा तिथे टाचला. वरच्या तोंडाला झाकण लावलं, झाकणाला बटण. काज मात्र माझ्याकडून करून घेतलं. "तुझं काम तू कर. मी फक्त कापते आणि जोडते," म्हणाल्या. खिशात खेळायचा एक चेंडू घातला, बटण लावलं, शर्ट अंगावर चढवून पलंगावर उताण्या झाल्या आणि "आई गं!" करून एकदम कुशीवर वळल्या.

आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता त्या भिंतीकडे तोंड करूनच पडून राहिल्या. पाठ माझ्याकडे, पाठीवर तो खिसा. बराच वेळ त्या वळल्या नाहीत. मी चहा ठेवायला आत गेले आणि मुद्दामच भांडी वाजवत राहिले.

पुढचे काही आठवडे त्या खरंच सुधारल्या. डबा पूर्ण खायला लागल्या. बसमध्ये आपल्या थांब्यावर उतरू लागल्या. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर म्हणाली, बरंच कमी झालंय, गेलेलं नाही. मशीन लागेलसं दिसतं, नाव नोंदवून ठेवू. तिने मालकांसाठी चार ओळी लिहून दिल्या. सकाळी ताजेपणी हातकात्रीने काम करायला हरकत नाही, विजेची कात्री पुढच्या तपासणीनंतर. मालकांनी त्या ओळी वाचल्या आणि शिट्टीवाल्या मास्तराला म्हणाले, "सकाळचं नमुन्याचं काम आता बाई करतील. तुम्ही दुपारचं बघा."

पहिल्या दिवशी मास्तरबाईंनी निळ्याच कापडाचं थान मागवलं. दोनच थर. सुलटावर सुलट. लावून झाल्यावर मला हाक मारली, "ये, बघ जरा." मी कोपरा उचलून पाहिला. "बरोबर आहे." "पुन्हा बघ." मी पुन्हा पाहिलं. मग त्यांनी साचा ठेवला, आखलं आणि कापलं. एक डावा, एक उजवा. दोन्ही तुकडे त्यांनी छातीशी धरून जोडीला जोड लावून पाहिली. मामा दारातून ओरडले, "उजवा सापडला का बाई?" सगळा कारखाना हसला. मास्तरबाईपण.

त्याच दुपारी, डबे झाल्यावर, त्या गठ्ठ्यांना टेकून आडव्या झाल्या. दिवसा जरा पडायला डॉक्टरची हरकत नव्हती. बाया बाहेर उन्हात गप्पा मारत बसल्या होत्या, मशीनं बंद होती, मी एकटी आत राहिलेली बटणं संपवत होते. त्यांचं घोरणं सुरू झालं. मला ते बरं वाटत होतं, सोबत असल्यासारखं. आणि मग ते थांबलं.

मी सुई धरून थांबले. छाती हलत होती, पण आवाज नव्हता, हवा आत जातच नव्हती. त्या उताण्या झाल्या होत्या. अंगात कामावरचा ब्लाउज, शर्ट घरी पलंगावर. मला एकदम तो माणूस आठवला, टेम्पोतून पाय बाहेर काढून झोपलेला, आणि आम्ही त्याला हसलेलो.

मी उठले, त्यांच्या खांद्याला हात लावला. म्हटलं, "कुशीवर व्हा."

मास्तरबाईंनी एक मोठा श्वास ओढला. डोळे उघडले नाहीत. कपाळाला आठ्या पडल्या आणि अशा लाडिक कुरकुरीच्या आवाजात, जो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता आणि जो माझ्यासाठी नव्हताच, त्या म्हणाल्या, "झोपू द्या ना हो!"

आणि कुशीवर झाल्या.

मी बटणांचा डबा उचलून त्यांच्या उशाशी आणला. घंटा होईपर्यंत तिथेच बसून बटणं लावत राहिले, कान त्यांच्या श्वासाकडे देऊन. उठल्यावर त्यांनी विचारलं, "मी काही बोलले का गं झोपेत?"

"नाही हो," मी म्हटलं. "चांगल्या झोपला होतात."